बोट कोणी फोडली

जर्मनीत, एश्बॉर्नला आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे जर्मन आजोबा तरुणपणी एका मोठ्या प्रवासी बोटीवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारे, बिछाने घालणारे होते. जर्मनमध्ये बोटीचं नाव स्त्रीलिंगी असतं आणि माझं जर्मन तेव्हा यथातथाच होतं. त्यामुळे ‘ती शेवटी तुमच्या देशात गेली आणि तिथेच संपली’ हे ऐकून मी महिनाभर त्यांच्या बायकोसाठी हळहळत होते. त्यांनी लग्नच केलं नव्हतं, हे नंतर कळलं.

ही ‘ती’ ब्रेमरहाफेनहून न्यूयॉर्कला जायची. सुरुवातीला देश सोडून निघालेली माणसं आणि त्यांच्या पेट्या, मग हौशी श्रीमंत. पुढे विमानं आली. अटलांटिक ओलांडायला इतके दिवस कोण घालवणार? तिला विकलं, नवा रंग आणि नवं नाव देऊन उन्हाच्या देशांतल्या सहलींना जुंपलं, मग पुन्हा विकलं. शेवटी गुजरातच्या किनाऱ्यावर ती भंगारात निघाली. “त्या लोकांनी तिचे लचके तोडले,” आजोबा म्हणायचे.

मी मान डोलवायचे. माझे बाबा त्याच किनाऱ्यावर गॅस कटर घेऊन बोटी कापायचे, हे मी त्यांना तीन वर्षांत सांगितलं नव्हतं. ऑफिसात तर वडील ‘स्टील लाइन’मध्ये होते, असंच सांगते. बोटी फोडून बाबांनी मला इंजिनिअर केलं आणि माझी जीभ नेमकी तिथेच अडखळते. मला लाज वाटते, आणि त्या लाजेचीही लाज वाटते.

या उन्हाळ्यात बाबा आले. त्याच आठवड्यात आजोबा हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला जाणार होते. निरोपाची कॉफी प्यायला ते वर आले. बाबांच्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघून त्यांनी विचारलं, “हे काय काम करायचे?”

“लोखंडाचं,” एवढं सांगून मी मोकळी झाले.

बाबांना जर्मन येत नाही, पण ते मला ओळखतात. “काय विचारलं गं त्यांनी?”

“तुमचं काम विचारलं.”

“मग नीट सांग की. चोरी केली का मी?”

मी सांगितलं. कुठला किनारा, तेही सांगितलं. आजोबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बरं... त्यांना विचार, आत केबिन कशा असायच्या?”

“बोटी पुष्कळ फोडल्या,” बाबा म्हणाले. “नावं खरवडलेली असायची, कुठली कुणाची काय कळणार? पण एक मोठी पॅसेंजर बोट आठवते. गाद्या तशाच, वर चादरी ताणून घातलेल्या. आम्ही खोपटात फळीवर झोपणारी माणसं. पहिल्या दुपारी जेवलो आणि सगळेच आडवे झालो. मुकादम बोंबलत आला, तरी कुणी उठेना.”

या वेळी मी एकही शब्द गाळला नाही.

“आणि चादरीचे कोपरे असे?” आजोबांनी टेबलक्लॉथ दुमडून दाखवला.

“हां, अस्सेच.”

“झोप लागली का त्यांना?”

“सांग, तशी झोप मला परत कधी लागली नाही.”

आजोबांनी डोळे पुसले. “मग ती रिकामी नाही गेली,” ते म्हणाले.

हे बाबांना मराठीत सांगताना मला रडूच फुटलं.