नानांनी पास केलेलं बाक

नाना मिस्त्री लग्नाला गेले तरी पिशवीत गुण्या घेऊन जात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं साधन. आळेफाट्यावरच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी तो जेवणाच्या टेबलाला लावला आणि वाढप्याला म्हणाले, "पावणं, आमटी जरा बेतानं वाढा. टेबल डावीकडं झुकलंय." त्या दिवसापासून आम्ही त्यांना गुण्या नाना म्हणू लागलो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आळे गावात त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी आमचं लाकूडकामाचं मंडळ जमायचं. नाना सोडले तर सगळे हौशी. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. कापडवाले कांतीशेठ आईच्या पोथीसाठी घडीचं स्टँड करत होते. एसटीतले तांबे कंडक्टर तीन वर्षं एकाच चौरंगावर रंधा मारत होते. नाना म्हणत, "तांबे, ह्या साली पाट झाला. फुडच्या साली पोळपाट व्हनार!"

दर रविवारी शेवटी प्रत्येकानं आपलं काम मांडायचं आणि नानांनी तपासायचं, अशी रीत होती. नियम एकच: खिळा नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं कुसू. "खिळा लाकडाला डांबून ठिवतो, सर," ते मला म्हणाले होते. "जोड लाकडाला नांदवतो."

पुढं त्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन ते पुढं ढकलत राहिले आणि गुण्या लावून झाला की अंगठ्यानं जोड चाचपू लागले. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं. मलाही.

लोणी ही नानांची सासुरवाडी. तिथल्या एसटी थांब्यासाठी मंडळानं दोन बाकं करायची ठरवली. एक शेठ आणि तांब्यांनी मिळून, एक मी एकट्यानं. माझ्या बाकाच्या एका पायाचं कुसू बारीक कापलं गेलं. पाय खाचेत डुगडुगत होता. नवा पाय करायला एक रविवार लागला असता, पण गणिताच्या मास्तराचं माप चुकलं हे तांब्यांसमोर कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी दोन खिळे ठोकले, त्यांची डोकी आत दाबली आणि वरून भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरून घासून घेतला.

नानांनी त्यावरून अंगठा फिरवला. "ह्याला म्हनत्यात जोड! तांबे, शिका सरांकडनं."

"तुमचीच शिकवण, नाना," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो, की आजही ते आठवलं की कान तापतात.

चार महिन्यांनी ते बाक मोडलं. गाडीची वाट बघत बसलेल्या शेवंताबाई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. रविवारी लोणीची दोन माणसं शेडमध्ये आली. "दिसत न्हाई तर तपासायला कशाला बसता, मिस्त्री? आपल्याच सासुरवाडीची बाई पाडली तुमी!" नानांनी हात जोडले. "पास मी केलं व्हतं. चूक माजी."

मी चार हातांवर उभा होतो. मोडकं बाक नानांनी आधीच टेम्पोतून आणून कोपऱ्यात ठेवलं होतं. त्याचा तो पाय मात्र कुठं दिसत नव्हता. मला हायसं वाटलं. नाना खाली मान घालून ऐकत होते आणि मला हायसं वाटत होतं.

त्यानंतर नानांनी कुणाचंच काम तपासलं नाही. "माज्या हातावर इस्वास न्हाई आता," म्हणाले. शेवंताबाईंचं प्लास्टर निघेपर्यंत ते दर आठवड्याला लोणीला जात. मी एकदाही गेलो नाही. मंडळ हळूहळू मोडलं आणि नाना जुन्नरला मुलीकडं राहायला गेले.

दीड वर्षानं मी त्यांना भेटायला गेलो. ऑपरेशन झालं होतं. त्यांनी मला रस्त्यावरूनच ओळखलं, चहा सांगितला. मी सुरुवात केली, "नाना, ते लोणीचं बाक..."

"दोन खिळं व्हतं," ते म्हणाले. "आनलं त्याच दिवशी घावलं. पाय चुलीत घातला. म्हनलं, मंडळात कुनाला दिसाय नको."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी मास्तर मानूस. वाटलं, आपनहून सांगचाल. लई रविवार वाट बघितली."

मी माफी मागितली. त्यांनी हातानंच थांबवलं. "शेवंताबाईकडं गेलता?"

"नाही."

"मग हितं आदी कशाला आला, सर?"

चहा तसाच राहिला. मी मंचरला गाडी बदलून लोणीला गेलो. शेवंताबाई अंगणात शेंगा फोडत होत्या, डाव्या हातानं. उजवं मनगट वाकडंच जुळलं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

मग म्हणाल्या, "हाताचं न्हाई एवढं. पर त्या म्हाताऱ्याला आमची मानसं घालून पाडून बोलली, तवा तुमी कुठं व्हता?"

"तिथंच होतो," मी म्हणालो.