केल्टिक अध्यात्म शिकायला काटोलला गेले, त्याची गोष्ट

काटोलला मी गेले ती भांडायला. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी मला भाविक समजायला नको.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पाळकसाहेबांनी निरोप टाकला: काटोलजवळच्या जुन्या मिशन बंगल्यावर दोन दिवसांचं शिबिर, विषय केल्टिक अध्यात्म. म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची रीत. ते म्हणे विहिरीपाशी, झाडाखाली, चुलीसमोर देवाला भेटत. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, तीस वर्षं संडे स्कूल घेतलेली बाई. निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी, हे मी दुसरीतल्या पोरांना शिकवलंय. लगेच नाव नोंदवलं आणि बायबलमध्ये अकरा ठिकाणी चिठ्ठ्या लावल्या.

अडचण एकच होती. काटोलला माझी नणंद मनोरमा राहते, आणि आम्ही पाच वर्षं बोलत नव्हतो. आमच्या नव्या फ्लॅटच्या प्रार्थनेला ती आली होती. स्वयंपाकघरात शिरली, पिठाच्या बोटाने शेगडीवर क्रूस काढला आणि काहीतरी पुटपुटली. मी पाहुण्यांसमोर म्हणाले, "हे अडाणी प्रकार इथे नकोत. चार पिढ्या ख्रिस्ती होऊन तुमची चूलपूजा काही सुटत नाही." ती न जेवता गेली. पुढे माझे मिस्टर वारले, तेव्हा दफनाला आली, मूठभर माती टाकली आणि कब्रस्तानातूनच परत फिरली. त्यांचं लहानपण पाहिलेलं तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते मी माझ्या जिभेने घालवलं होतं.

जाणाऱ्यांसाठी: गणेशपेठ स्टँडवरून काटोलची एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. थंडीत सकाळी डावी खिडकी धरा, ऊन मिळतं. कळमेश्वर मागे पडलं की संत्र्याच्या बागा दिसू लागतात. शेजारच्या बाईने पोतं माझ्या पायावर टेकवत विचारलं, "काहून चालल्या जी काटोलले?"

"देवाबद्दल बोलायला."

"काय सांगता! नागपुरात नाही भेटत का तो?"

मी पिशवीतलं बायबल काढून चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.

बंगला गावाबाहेर आहे, स्टँडवरून ऑटो करावा लागतो. पांघरूण स्वतःचं न्या, तिथली ब्लँकेटं टोचतात. पाळकसाहेब मऊ आवाजात सांगत होते की काही जागा 'पातळ' असतात, तिथे स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामधला पडदा विरळ होतो. मी उठले. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरुवात केली. पाचव्या चिठ्ठीला ते म्हणाले, "ताई, अगदी बरोबर आहे तुमचं." असं म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं? उरलेल्या सहा चिठ्ठ्या वाया गेल्या.

दुपारी त्यांनी छापील कागद वाटले. तिकडच्या बायका सकाळी चूल पेटवताना जी प्रार्थना करत, तिचा भावार्थ होता: या जाळाची ऊब घरातल्यांना मिळो, शेजाऱ्याला मिळो, वैऱ्यालाही मिळो. मला भरून आलं. मी पुन्हा उठले (मला बसवत नाही) आणि म्हणाले, "किती शुद्ध श्रद्धा! हाताला काम आणि ओठावर देव. आपल्या बायकांमध्ये हे का नाही?"

दारातून आवाज आला, "च्या घेता का वं, वहिनी?"

हातात किटली घेऊन मनोरमा उभी होती. शिबिराचा स्वयंपाक काटोलच्या मंडळीतल्या बायकांकडे होता, आणि हे कागदावर कुठेही छापलेलं नव्हतं. चहा घेतला. जीभ भाजली. योग्यच झालं. तीच गोष्ट नणंदेने केली तर अडाणीपणा, स्कॉटलंडहून छापून आली की अध्यात्म. कॉन्व्हेंटात इंग्रजीबरोबर हेही शिकले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणातल्या चुलीपाशी गेले. तीन मुद्द्यांचं वाक्य तयार होतं: चूक, कारण, क्षमायाचना.

"मनोरमा, त्या दिवशी मी जे..."

"तिकडं धूर येऊन राहिला. इकडं बसा." तिने पाट सरकवला.

"आधी ऐक तरी."

"भाकर करपन. तुमाले ठेचा चालते का? दादा म्हणे, डॉक्टरनं बंद केला."

"हे तुझ्याशी बोलायचे?"

"दर शनिवारी. तुमी बाजारात गेल्या का फोन करे. सांगू नको म्हणे, तिले वाईट वाटन."

मी सांगितल्याप्रमाणे पाटावर बसले. माझ्या बाबतीत हे असं क्वचित घडतं.

"अन् वहिनी," भाकरी उलटत ती म्हणाली, "आमच्या आजीले मिशनच्या मडमेनं असंच बोललं होतं. तुमी काही नव्या नाही."

मग पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत मी तीस वर्षं शिकवला. तोही बापाचा पैसा उधळून घरी परतताना वाटेत माफीचं भाषण पाठ करतो आणि बाप त्याला ते पुरं करू देत नाही. मी मुलांकडून नेहमी पश्चात्तापावर निबंध लिहून घेतला. भाषण अर्धंच राहिलं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि माफी मागून व्हायच्या आत ती मिळणं हा नीटनेटक्या माणसाचा चक्क अपमान असतो, हे कुठल्याच प्रवचनात सांगत नाहीत.

घरी येऊन महिना झाला. विहिरीत देव असतो का, यावर माझं मत बदललेलं नाही. पाळकसाहेबांना तसं कळवलंय. मनोरमा मात्र आता मला फोन करते. गेल्या खेपेला तिने सांगितलं की माझ्या मिस्टरांनी आठ वर्षांचे असताना बुधवारी चर्चची घंटा वाजवली होती, आणि दोन म्हाताऱ्या चांगली लुगडी नेसून उपासनेला येऊन बसल्या होत्या. चाळीस वर्षं मी या माणसाला गंभीर समजत होते. फोन हातात धरून इतकी हसले, की माफीचं वाक्य त्याही आठवड्यात राहून गेलं.