गाडीखाली फुटलेला सॉकेट

गॅरेजवाल्या मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून सायबर कॅफेत येऊन तुम्हाला लिहितोय.

माझं गॅरेज कडोदऱ्याला, हायवेवर. नट खोलायच्या हवेच्या गनला लावायचे, मान वळणारे सॉकेट स्वस्तात मिळाले होते. ते कितपत टिकतात, हे आज एका टेम्पोवर बघत होतो. अडचणीतले नट भराभर सुटले. गाडीखालून मेहुणा संजय म्हणाला, "दाजी, माल बरा दिसतोय."

मग गिअरबॉक्सच्या गंजलेल्या बोल्टवर त्यानं गन दाबली आणि सॉकेटचा सांधाच फुटला. तुकडा भुवईत घुसला.

"दाजी, मला दिसत नाहीये," तो म्हणाला, तसं मी त्याला बाहेर ओढून दवाखान्यात नेलं.

रक्त डोळ्यात उतरलं होतं. डॉक्टरांनी टाके घातले. डोळा वाचला.

घरी पडल्या पडल्या तो म्हणतो, "बाकीचे टाकू नका, गनवर नको, हातानं वापरू." पण घाईत एखादा गनवर चढणारच. गॅरेजात परतून मी सगळे ग्राइंडरने कापले. तरी अस्वस्थ वाटतंय.

तुमच्याकडेही असे सॉकेट असतील. तुमच्या गाडीखाली कोण झोपतं?