घासकापू एक

शिलेदार कागद माझ्या हातात देत नसत. पायरीवरून खाली टाकत. मी उचलायचा आणि पडवीत गोणपाटावर बसून वाचायचा, बाळबोध अक्षरात उतरवायचा. त्यांना घराण्याचा इतिहास छापायचा होता आणि जुने कागद सगळे मोडीत. कानडी मुलखात स्थिरावलेल्या त्या घरात मोडी वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मला, मी काम करतो त्या छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या कारकुनाने शिकवली होती. म्हणून मला बोलावलं. त्यांचे घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या मुलाला.

त्या दिवशी बाप अंगणात घोड्याला खरारा करत होता. मी कपिला नदीच्या पुराचा कागद मोठ्याने वाचत होतो. ‘घोडा सारंग. रंग कुमैत. कपाळावर चांदवा, मागचा उजवा पाय पांढरा. पुरातून वाचला.’ खाली एकच ओळ. ‘घासकापू एक. बुडाला.’

मी थांबलो.

तो एक माझा आजा. भिवा. सारंगाचा पाय दोरात गुंतला म्हणून पाण्यात उतरला. दोर कापला. घोडा काठाला लागला, आजा लागला नाही. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.

“एनो, जीभ अडकली का?” शिलेदार म्हणाले.

“धनी, इथे नाव घालू या. भिवा. माझा आजा.”

ते शेजारी बसलेल्या आपल्या मेहुण्याकडे वळले. “ऐकलंत? आता गवतालाही वंशावळ हवी.” दोघे हसले. मग मला म्हणाले, “सारंगाच्या पाठीवर माझे आजोबा बसायचे. तुझ्या आज्याच्या पाठीवर काय असायचं? भारा. आहे तसं उतरवून घे.”

खराऱ्याचा आवाज थांबला होता. “सुम्म रहा रे,” बाप हळूच म्हणाला. “लिही आणि चल घरी.”

मी ‘घासकापू’ लिहिलं. पुढचा शब्द हात लिहीना. वर्षभर मी समतेची पत्रकं जुळवत होतो, खिळ्याला खिळा लावून. आणि आता माझ्याच अक्षरात माझा आजा ‘एक’ होणार होता.

लेखणी खाली ठेवली. “हे मी लिहिणार नाही.”

“मग उद्यापासून तुझा बाप तबेल्यात नको.”

बापाने माझ्याकडे पाहिलं नाही. खरारा खुंटीला अडकवला, घोड्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि फाटकाबाहेर पडला.

रस्ताभर तो पुढे, मी मागे. मला वाटलं, घरी गेल्यावर मारणार. घरी तो तांब्याभर पाणी प्यायला आणि भिंतीला टेकला.

“हौदु, होय, घे लिहून. माझ्या बापाचं. उंच. रंग काळा. डाव्या कानाची पाळी घोड्याने तोडलेली. पोहता येत नव्हतं.”

शेवटचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मी लिहून घेतलं. त्या कागदांत असे आणखी अकरा ‘एक’ मी वाचले आहेत. कोण कुठल्या पागेत होता, लक्षात आहे. अकराही घरं शोधणार. नाव, रंग, खुणा, कसा मेला, सगळं विचारणार आणि छापणार. घोड्यांची नावंही घालणार, त्यांचा काही अपराध नव्हता. त्यांच्यावर बसणाऱ्यांसाठी मात्र एकच ओळ ठेवली आहे.

‘स्वार एक. वाचला.’