नसलेल्या पायाचा ब्रेक

मधुमेहामुळे वडिलांचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्यानंतर चार महिन्यांनी मी त्यांना केदारखेड्याहून जालन्याला व्यायामासाठी नेऊ लागले. मस्तगडजवळ तळमजल्यावर दोन खोल्यांचं फिजिओथेरपी केंद्र होतं. तिथल्या तरुण फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं: उरलेल्या मांडीचा पुढचा स्नायू हुकमाने आवळता आला, तरच कृत्रिम पाय बसवता येईल. नाहीतर वजन पडताच तो दुमडेल.

तिने आधी डाव्या, धडधाकट मांडीला चिकट पट्ट्या लावल्या. त्यांच्या तारा एका छोट्या यंत्राला जोडलेल्या होत्या. स्नायू आवळेल तसा यंत्राचा आवाज चढायचा. वडिलांनी गुडघ्याखालची टॉवेलची गुंडाळी दाबली, तेव्हा बारीक गुणगुण आली. पाय सरळ ठेवून उचलला, तेव्हा जरा मोठी. खाटेच्या कडेला बसून गुडघा सरळ केला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात यंत्र ओरडलं.

मग पट्ट्या उजवीकडे आल्या.

"काका, आता उजवा गुडघा सरळ करा."

"कोणता? तुमच्याच लोकायनं कापून नेला ना!"

"आहे असं समजा."

"समजायचं काय त्यात? हायेच तो. दुमडून बसलाय. हलून न्हाई राह्यला."

यंत्र गप्प होतं. तीन आठवडे ते गप्पच राहिलं.

चौथ्या आठवड्यात तिने विचारलं, "काका, काम काय करायचात?"

"एसटीवर ड्रायव्हर होतो."

"मग ब्रेक दाबा."

वडील खाटेच्या कडेला ताठ झाले. दोन्ही हात पुढे आले, स्टेअरिंगच्या रुंदीवर थांबले. मांडीचा कापलेला शेवट तसूभरही हलला नाही. यंत्र मात्र एकदम ओरडलं, डाव्या पायाच्या वेळेपेक्षा मोठ्याने.

"झालं! सरळ झाला गुडघा?"

"झाला."

"छान. आता सोडा."

आवाज थांबला नाही.

"सोडा काका, स्नायू दुखेल."

वडिलांच्या कपाळावर घाम आला होता. ते माझ्याकडे बघत होते. माझी खुर्ची त्यांच्या अगदी समोर, दोन हातांवर होती.

"सोडू कसा? ही समोर बसलीय. जल्दी सरक म्हणा तिला."

फिजिओथेरपिस्ट हसली. वडील हसले नाहीत. मी खुर्ची ओढत भिंतीपर्यंत नेली. ते त्या रिकाम्या झालेल्या फरशीकडे थोडा वेळ बघत राहिले. मग आवाज उतरला, गुणगुण झाला, थांबला.

तिने कागदावर लिहिलं: उजव्या मांडीचा स्नायू हुकमाने आवळतो, कृत्रिम पायाच्या मापाला हरकत नाही.

"थोडक्यात वाचलीस," वडील मला म्हणाले, आणि त्यांनी हात खाली घेतले.

पुढच्या आठवड्यात पायाचं माप घेतलं. तेव्हा मी दाराबाहेर उभी होते.