बूट घालून बर्फावर

नॉटिंगहॅमच्या बर्फाच्या रिंकवर माझ्या मुलीला स्केटिंग शिकवणारी बाई चेक देशाची आहे. तिचं नाव मला बोलायलाच जमत नाही. आधी ती तिच्या देशाकडून आइस डान्सच्या स्पर्धांमध्ये उतरायची, जोडीने. आता एकटी फिरते, तरी डावा हात जरा बाहेरच असतो, कुणी धरल्यासारखा.

"सोडलं का मग?" मी एकदा विचारलं.

"जोडीदाराने सोडलं. मुली खूप, मुलगे कमी. दुसरा मिळालाच नाही."

एवढंच बोलली आणि टाळ्या वाजवत मुलांकडे गेली.

मला सगळ्याचीच भीती वाटते. गेल्या शनिवारी पोरगी धाडकन आपटली आणि मी बूट घालून तशीच बर्फावर धावले, कुणी ओरडलं तरी थांबले नाही, आणि मीच आडवी झाले. पडल्यापडल्या त्या बाईवर ओरडले, मोडक्या इंग्लिशमध्ये, सगळ्या आयांसमोर, "तुम्ही पाडलं तिला! आता नाही पाठवणार! फिनिश!"

पोरगी तर कधीच उठली होती. "आई, ऊठ ना, एव्हरीवन बघतंय."

बाई माझ्याजवळ गुडघ्यावर बसली, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मला जोडीदाराने थांबवलं. हिला तुम्ही थांबवणार?"

दोघींनी मला ओढत कडेला आणलं.

"आई, मी जाऊ परत?"

"जा," म्हटलं, आणि कुणाकडे न बघता बुटांवरचा बर्फ झटकत बसले.