पद्माक्काचा पान्हा

साताऱ्याच्या सरकारी इस्पितळाविषयी आमच्या उंब्रजच्या बाजूला तेव्हा कुणी चांगले बोलत नसे. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही, असेच मी ऐकत आले होते. लढाईचे दिवस होते. आमचे मालक पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडे गेलेले. कित्येक महिने त्यांची काही खबर नव्हती, आणि इकडे माझे दिवस भरत आले होते. पालीचा खंडोबा आमचे कुलदैवत. लग्न होऊन आल्यापासून त्याचा रविवारचा उपास मी कधी चुकवला नव्हता. पण कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना, तेव्हा माझ्या मनात त्याच्याविषयी भक्ती उरली नव्हती, नुसता राग होता. घरचा माणूस लांब नेलास, आता मलाही न्यायचे असेल तर एकदाचे ने, असे मी मनातल्या मनात त्याला म्हणत होते.

शेवटी गावच्या सुईणीने हात टेकले. "मूल अडलंय. आता माझ्या हातात काय न्हाई. साताऱ्याला न्या," ती सासूबाईंना म्हणाली. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. पालीच्या जत्रेपलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. पण क्षणभर माझ्याकडे बघून त्यांनी दिराला गाडी जुंपायला सांगितले. उंब्रजहून पुढे सर्व्हिस मोटार मिळाली. पेट्रोल मिळत नसल्याने त्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, चढ लागला की अडत. प्रत्येक चढाला लोक उतरून ढकलत होते, आणि ढकलणाऱ्या अनोळखी माणसांच्या तोंडी खंडोबाचेच नाव होते. मला मात्र ते नाव घ्यावेसे वाटत नव्हते.

इस्पितळात डॉक्टरांनी चिमटा लावून मूल काढले. मुलगा झाला. तो रडलेला मी ऐकला आणि पुढचे काही आठवत नाही. शुद्धीवर आले ती तापातच. बाळंतज्वर झाला होता. डॉक्टर येऊन गोळ्या देत, नाडी बघत आणि पुढच्या खाटेकडे जात. अंगात इतका ताप असताना पाजायचे नाही असे नर्सबाईंनी बजावले होते. तसेही मला दूधच आलेले नव्हते. आत्याबाई बोंडल्याने शेळीचे दूध पाजायच्या आणि बाळ ते ओकून टाकायचे. बायकांच्या त्या खोलीत जावळीच्या डोंगरातल्या, कोरेगावच्या, वाईच्या बाया होत्या. त्यांच्याबरोबर आलेली माणसे आवारातल्या झाडांखाली तीन दगड मांडून रांधत, आणि ज्याच्या चुलीवर पेज झाली तो दुसऱ्याच्या माणसाला वाटीभर देई. तिथे प्रत्येकाचेच घर लांब राहिले होते, म्हणूनच बहुधा ती सगळी एका घरची झाली होती. कुणी मध सांगितला, कुणी साखरेचे पाणी. सगळे करून झाले. बाळाचे रडणे बारीक होत गेले. मांजराच्या पिलासारखा आवाज यायचा, मग तोही मधूनच थांबायचा. तो थांबला की मी कान देऊन ऐकत राही. उठून त्याला घ्यावे म्हटले तर हात उचलवत नव्हता.

माझ्या समोरच्या खाटेवर पद्माक्का नावाची एक बाई होती. वय माझ्याइतकेच. माहेर सांगलीकडचे, जैन शेतकऱ्यांच्या घरातले. नवऱ्याचे साताऱ्यात धान्याचे दुकान होते. तिचे मूल जन्मतःच गेले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे, कुणाशी बोलत नसे. दूध आटावे म्हणून नर्सबाईंनी तिची छाती फडक्याने घट्ट बांधली होती. एका सकाळी तिला घरी जायला सांगितले. तिने आपले गाठोडे बांधले आणि ती बाहेरच्या व्हरांड्यात टांग्याची वाट बघत बसली. टांगा लवकर आला असता तर हे लिहायला माझ्याजवळ काही उरले नसते. पण टांगा आला नाही.

त्या सकाळी मी देवाशी भांडायचे सोडून दिले होते. भांडायलाही अंगात बळ लागते. डोळे मिटून मी एवढेच म्हटले, देवा, हे मूल माझ्याने धरवत नाही. तूच धर. नवस बोलले नाही, काही कबूल केले नाही. तेवढ्यात बाळ रडले, आणि दारात पद्माक्का उभी दिसली. तिच्या चोळीवरून ओल पसरत चालली होती. फडके बांधलेले असूनही तिला पान्हा फुटला होता.

ती आत्याबाईंसमोर येऊन उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "आवं मावशी, माझं दूध चालंल का तुमाला?"

आत्याबाईंनी बाळ तिच्या हातात दिले आणि त्या म्हणाल्या, "लेकी, हे काय इचारायचं असतं व्हय?"

ती तिथेच जमिनीवर बसली, भिंतीला पाठ टेकली आणि फडके सोडले. बाळाने आधी तोंड फिरवले, मग धरले. बाळ गटागटा गिळत होते तो आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. पद्माक्का रडत होती, पण बाळाला हलू देत नव्हती.

थोड्या वेळाने तिचा नवरा टांगा घेऊन आला. दारात थबकून त्याने हे दृश्य पाहिले. ती म्हणाली, "मी आज येत न्हाई. हिचा ताप उतरूस्तवर हितंच ऱ्हाते." मग त्याने विचारले, "अंथरूण आणू का?" खाट दुसऱ्या बाईला द्यायची होती, तेव्हा नर्सबाईंनी माझ्या खाटेखाली तिला जागा करून दिली आणि वरच्यांना आपण सांगू म्हणाल्या. ते अंथरूण घेऊन तो आला, आणि रोज दुपारी आमच्या सगळ्यांसाठी घरचे जेवण आणू लागला.

माझा ताप हळूहळू उतरला. डॉक्टरांच्या गोळ्यांचा तो गुण होता, आणि आत्याबाईंच्या मते खंडोबाचाही. मी त्यात कधी वाद घातला नाही. पेज पचू लागली तसे मलाही थोडे दूध येऊ लागले. ज्या दिवशी बाळाचे माझ्यावर भागू लागले, त्या दिवशी पद्माक्काने त्याला न्हाऊ घातले, माझ्या मांडीवर ठेवले आणि जायला निघाली. मी तिचे पाय धरायला वाकले. तिने मला वाकू दिले नाही.

"तुझे उपकार मी कसे फेडू?" मी म्हटले.

"उपकार कसलं गं," ती म्हणाली. "हात रिकामं घिऊन घरी कशी जाऊ, ह्याच इचारानं मी भाईर बसले व्हते. टांगा येऊच नये असं वाटत व्हतं. तुझ्या लेकरानं मला हाक मारली."

मला वाटत होते, देवाने तिला माझ्यासाठी पाठवले. ती म्हणत होती, बाळाला तिच्यासाठी पाठवले. कुणाचे खरे, हे मी ठरवायला गेले नाही. माझा हात उचलवत नव्हता तेव्हा दुसऱ्या कुणाचे तरी हात भरायचे होते, एवढे मला त्या दिवशी कळले. आपण सोडून दिले की ते खाली पडतेच असे नाही. ज्याच्या हवाली केले, त्याला ते कुठे ठेवायचे हे आपल्याहून चांगले कळते.

लढाई संपल्यावर मालक सुखरूप घरी आले. मुलाचे जावळ आम्ही पालीला काढले. पद्माक्काला बोलावणे धाडले होते, पण ती माणसे दुकान आवरून सांगलीकडे निघून गेली होती. पुन्हा आमची भेट झाली नाही. तरी पालीला गेले की आमच्या मुलाच्या नावाने भंडारा वाहून झाल्यावर मी आणखी एक मूठ वाहते. तिच्या बाळाचे नाव ठेवायचे राहिले होते, म्हणून तेव्हा मी कुणाचेच नाव घेत नाही. नुसते हात जोडून थोडा वेळ उभी राहते.